टँकरांचा दसरा

दसरा जवळ आला की मोशीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झेंडूला डिझेलचा वास यायला लागतो. फुलवाल्या बायका रस्त्याच्या कडेला पिवळे-केशरी ढीग मांडून बसतात, त्यांच्या नाकासमोरून दिवसभर टँकर आणि ट्रेलर धूर सोडत जातात, आणि आपण तो धूर किलोच्या भावाने घरी आणून दाराला बांधतो. काल मीही आणला. हार ओवताना बोटांना लागलेला काळसर तेलकटपणा साबणानेही गेला नाही.

रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावरच्या आवारात, टँकरांच्या आंघोळी चालल्या होत्या. टपावर उभी राहून माणसं पाइपाने पाणी मारत होती, खाली दोघं जण टाकीच्या पोटात वाकून काहीतरी खरवडत होते. खंडेनवमीला पूर्वी तलवारी पुजायचे. आमच्या पट्ट्यात प्रेस मशीन, लेथ, फोर्कलिफ्ट आणि टँकर पुजतात. पुजावं, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या माणसाने वर्षभर आपल्या चाकाखाली काय काय चिरडलं गेलं याची चौकशी केलेली नसते, तो त्या दिवशी मात्र चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, बोनेटवर हळदी-कुंकवाचे पट्टे ओढतो आणि डोळे मिटून हात जोडतो. मला या भक्तीचा तिटकारा आहे, आणि तो लपवून ठेवायचं वय माझं आता उरलेलं नाही.

तो तिटकारा कुठून सुरू झाला तेही मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका आश्विनातून.

मी ताथवड्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. राहते मोशीत, एका नव्या सोसायटीत. आमच्या मागे दगडाच्या जुन्या खाणी आहेत. या सगळ्या इमारतींची खडी त्यांच्यातूनच निघाली, आणि दगड संपल्यावर सगळे त्यांना विसरून गेले. पाऊस मात्र विसरला नाही. दर पावसाळ्यात त्या भरतात आणि भाद्रपद सरता सरता, आभाळ धुऊन निघालेलं असताना, कड्याकड्यांवर तेरडा फुललेला असताना, त्या काळ्या कातळाच्या वाटीत इतकं जिवंत पाणी साठतं की काचेच्या ग्लासात घेतलं तरी ते स्वस्थ बसत नाही. उजेडाकडे धरा, त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उड्या मारत असतात. त्या पाणपिसवा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या संपूर्ण पारदर्शक दिसतात. काळजाची धडधड दिसते, पाठीवरच्या पिशवीतली अंडी दिसतात. त्यांच्या आजूबाजूला डोक्यावर केसांची चक्रं फिरवत अन्न ओढणारे आणखी बारके जीव असतात, आणि काचेच्या डबीत घर करून राहिल्यासारखं दिसणारं सोनेरी शेवाळ असतं. दरवर्षी भाद्रपद-आश्विनात मी खाणीतलं पाणी बाटलीत भरून वर्गात न्यायची. एरवी फोनमधून मान वर न काढणारी पोरंसुद्धा त्या नळीला डोळा लावल्यावर "आईशप्पथ" म्हणायची. माझ्या नोकरीत मला मिळालेला मोठा पुरस्कार तो एवढाच.

ते पाणी मला काढून द्यायची हौसाताई.

हौसाताई मोशीतली जुनी, भोयांच्या घरातली. तिच्या सासऱ्यांनी इंद्रायणीत जाळी टाकली. इंद्रायणीला फेस यायला लागल्यावर त्यांनी जाळी माळ्यावर टाकली, आणि हौसाताईचे मालक विलासभाऊ चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदाराच्या माणसांत लागले. हौसाताईला मात्र मासळीवाचून करमेना. बंद खाणीच्या मालकाकडून तोंडी परवानगी घेऊन तिने तिथे मासे सोडायला सुरुवात केली. श्रावणात माशांची पिल्लं आणायची. ती इतकी बारीक असतात की त्यांना जिरे म्हणतात, आणि पिशवीत बघितली तर खरोखर फोडणीचं जिरंच कुणीतरी पाण्यात टाकलंय असं वाटतं. महिना-दीड महिन्यात ती बोटाएवढी झाली की बोटुकली. मग ती आसपासच्या शेततळ्यांवर विकायची, काही खाणीतच वाढवायची. कटला, रोहू. "म्याडम, ही माजी बालवाडी," असं ती त्या पाण्याकडे हात करून म्हणायची.

त्या वर्षी, घट बसायच्या आधी, मी पाणी न्यायला गेले तेव्हा ती कठड्यावर बसून कोंड्यात पेंड मिसळत होती. मी बाटली उजेडाला धरली. ठिपके मस्त नाचत होते.

"ह्येच खात्यात व्हय माजी लेकरं?" तिने विचारलं.

"हेच. तुमचा कोंडा नंतर. एवढ्याशा तोंडाला आधी हे लागतं."

"म्हंजे ह्यो त्यांचा मऊभात," ती म्हणाली, आणि कोंड्याची पाटी बाजूला सारून हसली.

वरच्या उतारावर टँकरांचं आवार त्याच वर्षी झालं होतं. मालक नानाशेठ. पांढरा कडक शर्ट, पांढरी गाडी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय, जणू आपण सगळे त्यांच्याच पंखाखाली. चाकणच्या कारखान्यांना डिझेल आणि भट्टीचं तेल पोचवणारे त्यांचे टँकर तिथे मुक्कामाला यायचे. नवरात्रात, पूजेआधी, सगळे टँकर आतून-बाहेरून धुवायचे ठरलं. टाक्यांच्या तळाशी साचलेला गाळ, पाइपात उरलेलं तेल, साबणाचं पाणी, सगळं उताराने निघालं. उताराखाली खाण होती. पाण्याला तेवढी अक्कल असतेच की खालच्या दिशेने जायचं. माणसाला ती असावी अशी अपेक्षा करणं फार झालं.

सातव्या माळेच्या सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. कुणीतरी बाल्कनीतून काढलेला. खाणीच्या पाण्यावर निळे, जांभळे, सोनेरी पट्टे पसरले होते. खाली लिहिलं होतं, "आपल्या मोशीत इंद्रधनुष्य उतरलंय! निसर्गाची किमया!" त्याखाली हात जोडलेले, बदाम, फुलं. एका बाईंनी दोन ओळींची कविता केली. मी लिहिलं, "हे डिझेल आहे." त्यावर चेअरमननी लिहिलं, "सणासुदीला निगेटिव्ह नको." इंजिनियर, मॅनेजर, दोन डॉक्टर असलेल्या त्या ग्रुपवर डिझेलची साय ओळखणारं एकही नाक नव्हतं. असेलही, पण बाल्कनीची किंमत घटेल असं बोलणारं नव्हतं.

त्या दिवसांत माझी आई मालवणाहून माझ्याकडे राहायला आलेली होती. मी तिला घेऊन खाणीवर गेले. ती कठड्यापाशी थांबली, नाकाला पदर लावला.

"बाय, ह्या पाण्याक डिझेलचो वास येता," ती म्हणाली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आमच्या खाडयेत ट्रॉलर लागाक लागले तेव्हा असोच वास येय. पयलो उजेड गेलो, मगे मुळे गेले."

ती कुठल्या उजेडाबद्दल बोलतेय ते मला ठाऊक होतं. लहानपणी अंधार पडल्यावर खाडीत पाय घातला की पायाभोवती निळसर उजेड पेटायचा. समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा तो उजेड. आई भरती-ओहोटी बघून मुळे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायची, आम्ही पोरं पाण्यात हात हलवून निळं चांदणं उडवायचो. मग धक्का झाला, मोठ्या बोटी आल्या, त्यांच्या इंजिनातलं काळं पाणी खाडीत सुटायला लागलं. उजेड विझला तेव्हा कुणी बोंब मारली नाही, कारण उजेड बाजारात विकला जात नव्हता. दोन-तीन वर्षांनी मुळे मिळेनासे झाले तेव्हा बोंब झाली. शिंपल्यातल्या त्या जिवाचीही लहानपणी एक अशीच न दिसणारी अवस्था असते, आणि ती त्याच पाण्यावर तरंगत, तेच बारके जीव खात मोठी होते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आई कधी शाळेच्या पुढे गेली नाही. तिने ते रिकाम्या टोपलीत वाचलं. समुद्र एवढा मोठा, म्हणून त्याला काही होत नाही, असं लोक म्हणतात. मोशीची खाण एवढीशी, म्हणून तिला काही झालं तरी चालतं, असंही तेच लोक म्हणतात.

मी नानाशेठना भेटायला गेले. टँकर चकाचक उभे होते, प्रत्येकाच्या नाकावर झेंडूचा हार. त्यांनी मला खुर्ची दिली, पेढा दिला, आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर खुशीत हसले.

"मॅडम, अहो उलट आभार माना. डेंग्यूचे दिवस आहेत. पूर्वी सरकार डबक्यात तेल ओतायचं, डास मारायला. आम्ही फुकटात मारले."

"डास एकटेच नाही मेले."

"मासे मेले का?"

"अजून नाही."

"मग?" म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. माझ्याकडे खाणीतल्या ताज्या पाण्याची बाटली होती. मी ती पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. "स्वच्छ आहे की," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. पाणी स्वच्छ होतं. त्यात काहीही हलत नव्हतं.

डिझेलचं असं असतं. ते ओरडत येत नाही. वरची साय उन्हाने आठवडाभरात उडून जाते, वास विरतो. पण त्यातलं जे पाण्यात विरघळतं त्याने आधी सगळ्यांत लहान जीव मरतात. पाणपिसवा गेल्या, चक्रवाले गेले. त्यांचे मेलेले देह कुणाला दिसत नाहीत, त्यांची दुर्गंधी सुटत नाही, त्यांच्यावर कावळे येत नाहीत. त्यांना खाऊन जगणारे मासे तेवढे त्या पाण्यात उरतात. वरून धडधाकट. आणि ज्या हिरव्या शेवाळाला हे जीव चरायचे ते मोकाट सुटतं. दिवाळीच्या तोंडावर खाण पोपटी हिरवी झाली. ग्रुपवर पुन्हा फोटो आला. "एमराल्ड लेक!"

हौसाताईला ते आधीच कळलं होतं. "म्याडम, पिल्लं वाढंनात," ती मला म्हणाली. "कोंडा टाकला तर त्यो त्या तेलावर तसाच तरंगत ऱ्हायला, भिजलासुदिक न्हाई. आता तेल गेलं तर हे हिरवं आलं. डोकी मोठी नि अंगं वाळल्याली. माज्याकडं बगत्यात वो, वर येऊन." तिने ओंजळीत घेऊन दाखवलं. काड्यांना डोळे लावल्यासारखी ती पिल्लं होती. वसुबारसेपासून ती पालथी पडायला लागली. ज्या दिवशी घरोघरी फराळाची ताटं फिरत होती त्या दिवशी हौसाताई गुडघाभर पाण्यात उभी राहून गाळणीने आपली बालवाडी काढत होती. पोरांच्या फटाक्यांचा आवाज चालू होता. ती रडत नव्हती. एक पाटी भरली की वर द्यायची, मी खड्ड्यात ओतायची, पुन्हा खाली द्यायची. मध्येच ती म्हणाली, "उपाशी पोरीला घराबाहेर काडू नये म्हंत्यात. मी एवढी काडतीया."

तिने सरकारी कचेरीत अर्ज केला, मी तो लिहून दिला, आणि आश्चर्य म्हणजे पाहणीला एक साहेब आले. ते जीपमधून उतरले, नानाशेठच्या ऑफिसात चहा प्यायले, मग नानाशेठसकट खाली आले. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून साहेब कातळावरून कातळावर उड्या मारत होते. एका माणसाने बाटलीत पाणी घेतलं. साहेबांनी वास घेतला.

"तेलाचा वास नाही."

"पूजा होऊन किती दिवस झाले," मी म्हणाले. "उडून गेलं."

"पाणी हिरवंगार आहे. म्हणजे सुपीक आहे." मग त्यांनी एक मेलेलं पिल्लू पेनच्या टोकाने उलटं केलं, पोट दाबलं. "पोट रिकामं आहे. सरळ उपासमारीची केस आहे. बाई, खायला घालत नव्हतात का?"

ज्या बाईने त्या पिल्लांसाठी सकाळचा पहिला घास बाजूला ठेवला, तिला तिच्याच पाण्याच्या काठावर उभं करून विचारत होते, खायला घालत नव्हतात का. मी रागाने नुसती तापले होते, पण तयारीनेही गेले होते. कॉलेजातला जुना, आरशावर चालणारा सूक्ष्मदर्शक मी एका सपाट दगडावर मांडला होता. रस्त्यापलीकडे दुसरी खाण आहे, तिच्यात टँकरचं पाणी जात नव्हतं. तिथलं पाणी एका काचेवर, या खाणीतलं दुसऱ्या काचेवर. म्हटलं, "साहेब, आधी इथलं बघा, मग तिथलं. तुम्हीच सांगा यांना खायला काय उरलं होतं ते."

साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी गॉगल वर केला, वाकले, डोळा लावला. पहिल्याने या मेलेल्या खाणीचंच पाणी होतं. बराच वेळ बघून ते समाधानाने म्हणाले, "हे काय, वळवळतंय की! काळे-काळे, लांब-लांब. भरपूर जीवसृष्टी आहे."

मी नळीला डोळा लावून बघितलं. मग म्हणाले, "साहेब, त्या तुमच्या पापण्या आहेत."

हौसाताई हसली. आठवडाभराचं दुःख पोटात असलेली बाई अशी खदखदून हसली की कातळ घुमला. साहेबांचा ड्रायव्हरही तोंड फिरवून हसला. साहेब ताठ झाले, गॉगल खाली आला, दुसरी काच त्यांनी बघितलीच नाही. अज्ञान मी रोज वर्गात बघते, त्याचा मला कधी राग येत नाही. आपल्याच पापण्यांना जीवसृष्टी समजून निकाल देणाऱ्या आणि चूक कळल्यावर दुसरी काच न बघता निघून जाणाऱ्या माणसाबद्दल मात्र माझ्याकडे एकच भावना आहे, आणि ती इतकी वर्षं तसूभरही कमी झालेली नाही. निकाल आला: मालकिणीच्या हलगर्जीपणामुळे, पुरेशा खाद्याअभावी पिल्लं मेली. तेलाचा संबंध नाही.

त्यानंतर गोष्ट आणखी खाली घसरली. विलासभाऊंचा कंत्राटदार नानाशेठचा मेहुणा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांना शिफ्टला बोलावणं आलं, विलासभाऊंना आलं नाही. ते गेटवर उभे राहून परत आले. विलासभाऊ मुळात अबोल, सरळ मार्गाने जाणारे. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते.

"सोड हौसा," ते म्हणाले. "पान्यातल्या किड्यासाठी घर उपाशी मारतीस का?"

"किडं न्हाईत ती," हौसाताई म्हणाली.

"मग काय हाईत? दिसत्यात का कुनाला? म्याडमला दिसत्यात, नळीतनं. तुला दिसत्यात का?"

घरात शिफ्ट नसण्यापुढे पाणपिसवांचं काळीज कसं धडधडतं हे सांगायला मला लाज वाटली.

चार दिवसांनी नानाशेठकडून निरोप आला. त्रिपुरी पौर्णिमेला इंद्रायणीच्या घाटावर दीपोत्सव होता, नानाशेठच्या खर्चाने. कुठल्याशा मंडळातर्फे नानाशेठना 'जलमित्र' म्हणून गौरवणार होते. हौसाबाईंनी भोई समाजाच्या भगिनी म्हणून स्टेजवर येऊन त्यांना ओवाळावं. नानाशेठही मोठ्या मनाने तिला माशांच्या खाद्याची पोती भेट देतील. म्हणजे झालं-गेलं मिटेल, विलासभाऊंनाही सोमवारपासून बोलावू.

खाद्याची पोती. मी तो निरोप ऐकला तेव्हा मला त्यातलं डोकं जाणवलं. तिने ते पोतं हातात घेतलं, त्याचा फोटो निघाला, की उपासमार कायमची सिद्ध. "जाऊ नका," मी म्हणाले. ती म्हणाली, "जातीया म्याडम." विलासभाऊंनी सुटकेचा श्वास टाकला. मी घरी आले आणि आईपुढे हौसाताईबद्दल वाईटसाईट बोलले.

त्रिपुरीला घाट फुलून गेला होता. वाकड-मोशीच्या सोसायट्यांमधली मंडळी रेशमी कपड्यांत, फोन वर धरून. पणत्यांत तेल काठोकाठ, द्रोणांत तेल, पायऱ्यांवर सांडलेलं तेल. नदीचं पूजन नदीत तेल सोडून करायचं, ही आमची जुनी हौस. नानाशेठनी ती फक्त टँकरने केली होती. निवेदक 'जलमाते'वर गळा काढत होता. नदीचा फेस पुलाखाली पांढरा साचला होता आणि त्यावर दिवे अडकून बसले होते, पुढे जाता येत नाही म्हणून तिथेच विझत होते.

हौसाताई हिरव्या इरकलीत आली. तिने स्टेजच्या पायरीशी चपला काढल्या आणि वर गेली. ओवाळलं तिने. नीट ओवाळलं, कुंकू लावलं. मग नानाशेठनी तिच्या खांद्याजवळ हात नेत माइकवर म्हटलं, "आमच्या या भगिनीची मासळी बिचारी उपाशी मेली. खायला मिळालं नाही. मला झोप आली नाही हो ऐकून. आज हा भाऊ..." दोन माणसांनी पोतं पुढे आणलं. फोन वर झाले. निवेदकाने रिवाजाप्रमाणे माइक तिच्यापुढे धरला. "दोन शब्द, ताई. आभाराचे."

तिने माइककडे आधी जरा लांबून बघितलं.

"पोतं मी नेनार न्हाई," ती म्हणाली. "माजी लेकरं उपाशी मेली, ह्ये खरं हाय. पर मी उपाशी ठिवली न्हाईत. त्यांचं जेवान पान्यात व्हतं. ह्या मानसानं त्या भरल्या ताटात डिझेल वतलं, नि आता मला इचारतोय, पोरं जेवली का न्हाईत."

एवढंच. आवाज चढवला नाही, हात नाचवले नाहीत. नानाशेठचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायला विसरल्यासारखं.

मला वाटलं, ऐकलं लोकांनी. आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

"जोरदार टाळ्या!" निवेदक म्हणाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या घाटाने. माझ्या शेजारचे गृहस्थ दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होते, त्यांच्या बायकोने विचारलं, "काय म्हणाली ती?" ते म्हणाले, "आभार मानले." त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. आयुष्यात मी माणसांच्या जमावाबद्दल इतकी तुच्छता कधी अनुभवलेली नव्हती. शिव्या दिल्या असत्या त्यांनी तिला, हाकलून दिलं असतं, तरी मी त्यांना माणसं म्हटलं असतं.

पुढचं सांगून टाकते. सोमवारी विलासभाऊंना बोलावणं आलं नाही, नंतरही कधी आलं नाही. ते आता एका मित्राच्या टेम्पोवर भाजी वाहतात. नानाशेठनी पुढच्या दसऱ्याआधी आवाराला सिमेंटची पक्की गटार बांधली. ती खाणीत जात नाही, थेट ओढ्याला आणि ओढ्यातून इंद्रायणीला जाते. याला सुधारणा म्हणतात, आणि तिचंही उद्घाटन झालं. खाण मात्र दोन पावसाळ्यांत सावरली. पाणपिसवांची काही अंडी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं कवचात पडून राहतात आणि पाणी बरं झालं की उबतात. माणसांच्या कर्तबगारीचा त्यात काडीचाही वाटा नाही. हौसाताईने पुन्हा जिरे सोडले. यंदाही सोडलेत. साहेबांना बढती मिळाली असं ऐकते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टाळ्या चालू असतानाच हौसाताई स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली. कुणी तिला वाट देत नव्हतं, सगळे दिवे सोडायला पुढे घुसत होते. मी गर्दीतून तिच्याकडे जायला धडपडत होते. आणि मला विलासभाऊ दिसले. वाटलं, आता चारचौघांत तिच्यावर ओरडणार. ते स्टेजच्या शेवटच्या पायरीशी, धक्के खात, गर्दीला पाठ लावून उभे होते. तुडवल्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी बायकोच्या चपला दोन्ही हातांत छातीशी धरल्या होत्या. मोशीतला भोयाच्या घरातला तो माणूस, सगळ्या गावादेखत.

हौसाताई खाली आली. त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"आता काय बोलावनं येनार न्हाई तुमास्नी," ती म्हणाली.

"न्हाई येनार," विलासभाऊ म्हणाले. ते वाकले, चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या, आणि ती घालेपर्यंत तिला धक्का लागू नये म्हणून एक हात आडवा धरून उभे राहिले.